डोळा कुणाचा, निवड कुणाची?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता इतकी सरावाची झाली आहे की तिची बातमी शेजारच्या बिऱ्हाडातही उशिरा पोहोचते. सकाळी रिक्षाने जायचे, डोळ्यात थेंब घालून तासभर बसायचे, पंधरा-वीस मिनिटे टेबलावर पडायचे आणि दुपारच्या जेवणाला काळा चष्मा लावून घरी परतायचे. या सोपेपणाचे श्रेय वैद्यकशास्त्राला द्यायलाच हवे. पण त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी रुग्णालयातल्या टेबलावर एक छापील तक्ता पुढे येतो. देशी भिंग, परदेशी भिंग, चष्म्यातून सुटका करणारे भिंग आणि प्रत्येकासमोर रक्कम. हा तक्ता बहुधा मुलगा वाचतो, नाहीतर सून किंवा जावई. ‘सगळ्यांत चांगले असेल ते टाका’, असे सांगून सही होते. ज्याच्या डोळ्यात ते भिंग उरलेले आयुष्य राहणार, तो माणूस शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेला असतो. तुम्ही दिवसभर काय करता, कशासाठी नजर हवी आहे, हे त्याला कुणी विचारलेले नसते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण समाधानी होणार की कुरकुरणार, हे बऱ्याचदा याच प्रश्नावर ठरते. कारण भिंगाच्या स्वभावात आहे. तरुण डोळ्यातले नैसर्गिक भिंग लवचीक असते. लांबचा फलक वाचून झाला की क्षणात हातातल्या पुस्तकावर नजर स्थिरावते, ती या लवचीकपणामुळे. वय वाढते तसे भिंग कडक होते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. मराठीने त्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नेमके नाव दिले आहे. साठी-सत्तरीत हेच भिंग गढूळ होते, तो मोतीबिंदू. शस्त्रक्रियेत गढूळ भाग काढून त्याच्या पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवले जाते. हे भिंग साधे, म्हणजे एककेंद्री असेल, तर चष्म्याविना एकाच अंतरावरचे स्वच्छ दिसते. ते अंतर कोणते असावे, हे आधी ठरवावे लागते. डोळ्याची लांबी आणि त्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याचा बाक यंत्राने मोजून भिंगाची ताकद काढली जाते. लांबीच्या मोजमापात एका मिलिमीटरची चूक झाली तरी अंतिम नंबर सुमारे अडीच ते तीन अंकांनी चुकतो.

बहुतेक ठिकाणी न बोलता गृहीत धरलेले उद्दिष्ट असते ‘शून्य नंबर’. म्हणजे लांबचे विनाचष्मा दिसावे आणि वाचायला चष्मा लावावा. पुष्कळ रुग्णांसाठी ते योग्यही असते. पण एखाद्या निवृत्त शिक्षकाचा विचार करावा. तरुणपणापासून त्यांना मायनस तीनचा चष्मा आहे. बाहेर पडताना तो लावायचा आणि वर्तमानपत्र हाती घेतले की काढून ठेवायचा, हा पन्नास वर्षांचा शिरस्ता. शस्त्रक्रियेनंतर समोरच्या इमारतीवरची पाटी लख्ख दिसू लागते, पण हातातले वर्तमानपत्र धूसर होते. आयुष्यात पहिल्यांदा वाचण्यासाठी चष्मा शोधावा लागतो. दवाखान्यातल्या तक्त्यावर नजर ६/६ भरते, नोंदवहीत शस्त्रक्रिया यशस्वी ठरते आणि शिक्षक मात्र ‘माझा डोळा बिघडवला’ म्हणतात. दोघांचेही खरे असते. त्यांच्या डोळ्यात त्याच कंपनीचे, त्याच किमतीचे, फक्त थोड्या जास्त ताकदीचे भिंग बसवले असते, तर वाचनाचे सुख कायम राहिले असते. मायनस अडीचवर थांबवलेला डोळा सुमारे चाळीस सेंटिमीटरवरचे विनाचष्मा वाचतो. लांबचे पाहायला चष्मा लागेल, पण तो तर त्यांच्या सवयीचाच होता. या पर्यायासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. लागतो तो फक्त प्रश्न.

हाच प्रश्न येवल्याच्या पैठणी विणकराला विचारला, तर उत्तर वेगळे येईल. त्याचे सारे काम मागावर, हातभर अंतरावरच्या धाग्यांत आहे. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघणाऱ्या शेतकऱ्याला बांधावरचा खड्डा आणि पायाखालचे जनावर अंधुक प्रकाशात दिसायला हवे. पोथी वाचणाऱ्या आजींना मांडीवरचे अक्षर हवे, एसटीच्या चालकाला समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांच्या झोतातही रस्त्याची कड हवी. डोळ्याचा तक्ता सगळ्यांसाठी एकच असला, तरी नजरेचे काम प्रत्येकाचे निराळे असते.

भिंगाच्या नंबराचे हे कोडे भिंगाइतकेच जुने आहे. सुश्रुतसंहितेत वर्णन केलेल्या पद्धतीत गढूळ भिंग शलाकेने नजरेच्या वाटेतून बाजूला सारले जाई. पुढे ते बाहेर काढण्याची पद्धत आली, पण त्याची जागा भरायला डोळ्यात काही नसे. म्हणून सोडा बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आयुष्यभर वागवावा लागे. आजही अनेक घरांतल्या जुन्या फोटोंत तो दिसतो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही, हे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे पहिले भिंग डोळ्यात बसवले. भिंग डोळ्याने स्वीकारले, पण त्याची ताकद फार जास्त निघाली आणि रुग्णाला मोठा मायनस नंबर आला. भिंग बसवणे साधले, ते किती ताकदीचे असावे हे साधायला पुढची काही दशके गेली. १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी गढूळ भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याचे तंत्र आणले, तेच आजचे ‘फेको’. नंतर घडी घालता येणारी भिंगे आली आणि तीन मिलिमीटरहून लहान छेदातून, टाक्याशिवाय काम होऊ लागले.

भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाची स्थापना केली. १९९२ मध्ये तिथे ‘ऑरोलॅब’ उभी राहिली आणि परदेशी भिंगांच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्तात भारतीय भिंगे मिळू लागली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यांत महाराष्ट्र होता. जाड चष्म्याच्या जागी भिंगरोपण सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले, त्यात या सगळ्याचा वाटा मोठा आहे. मात्र या काळात यश मोजण्याची सवय संख्येची लागली. किती शिबिरे, किती शस्त्रक्रिया, उद्दिष्टाच्या किती टक्के. आंधळेपणाचा डोंगर समोर असताना ते स्वाभाविकही होते. किती जणांना हवे ते दिसू लागले, हा रकाना मात्र कोराच राहिला.

आज शहरातल्या रुग्णासमोर भिंगांची रांग उभी आहे. बहुकेंद्री भिंग डोळ्यात येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या अंतरांसाठी वाटून देते. त्यामुळे चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते, हे तौलनिक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. पण त्याच अभ्यासांत दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. वाटून दिलेला प्रकाश प्रत्येक अंतराला कमीच पडतो, करड्यावरचे करडे ओळखण्याची क्षमता थोडी घटते आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. अनेकांना काही महिन्यांत याची सवय होते, काहींना होत नाही. ज्यांना काचबिंदू आहे, मधुमेहाने दृष्टिपटल खराब झाले आहे किंवा दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज झाली आहे, त्यांच्याकडे आधीच प्रकाशाची आणि बारकाव्याची चणचण असते. त्यांच्यासाठी हे सर्वांत महागडे भिंग सर्वांत चुकीचे ठरू शकते. रात्री गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीतही तेच.

केंद्रबिंदू लांबवणाऱ्या नव्या भिंगांत वलयांचा त्रास सामान्यतः कमी असतो. त्यांत लांबचे आणि हातभर अंतरावरचे दिसते, पण बारीक अक्षरांसाठी चष्मा लागू शकतो. डोळ्याच्या समोरच्या पडद्याचा बाक वाकडा असेल, म्हणजे रुग्णाला आडवा नंबर असेल, तर ‘टोरिक’ भिंग खरोखर उपयोगी पडते, मात्र ते नेमक्या कोनात बसायला हवे. एका अंशाने फिरले तर त्याचा सुमारे तीन टक्के परिणाम जातो आणि तीस अंशांनी फिरले तर सारा फायदा संपतो. आणखी एक जुना, बिनखर्चाचा मार्ग आहे. एक डोळा लांबसाठी आणि दुसरा किंचित जवळसाठी ठेवायचा. मेंदू दोन्ही चित्रे जुळवून घेतो. हे सर्वांना मानवत नाही, पण ज्यांना मानवते त्यांचा चष्मा साध्या भिंगांतही बराच सुटतो. छापील तक्त्यात हा पर्याय सहसा नसतो, कारण त्याला वेगळी किंमत लावता येत नाही.

‘लेझरने करून द्या’ हाही आग्रह असाच. लोकांच्या बोलण्यात फेको म्हणजेच लेझर असते. प्रत्यक्षात फेकोत ध्वनिलहरी वापरतात. खरा लेझर वापरून काही टप्पे करण्याची पद्धत आहे आणि तिचे दर चढे आहेत. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठीय रुग्णालयांत तिची नेहमीच्या फेकोशी तुलना झाली. २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार रुग्णाच्या पदरात जास्त काही पडले नाही, खर्च मात्र वाढला. महाग म्हणजे चांगले, हे साडीच्या दुकानात कदाचित चालत असेल. डोळ्याच्या बाबतीत ते तपासून घ्यावे लागते.

या संदर्भात महाराष्ट्राच्या घरातलाच एक पुरावा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे रुग्णांवर एक तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांची शस्त्रक्रिया फेकोने झाली आणि निम्म्यांची, महागड्या यंत्राशिवाय, लहान छेदाच्या हाती पद्धतीने. सहा आठवड्यांनी तपासताना फेको झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्क्यांना, तर हाती पद्धतीच्या सुमारे ७१ टक्क्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसत होते. इथवर फेकोची सरशी. मग प्रत्येकाला योग्य नंबरचे भिंग समोर धरून तपासले, तेव्हा दोन्ही गटांचा आकडा एकच आला : ९८.४ टक्के. दोन शस्त्रक्रियांमधला दहा टक्क्यांचा फरक साध्या चष्म्याने पुसला गेला.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. विनाचष्मा जगायचे असेल तर तंत्र आणि भिंग यांची निवड महत्त्वाची ठरते, ही पहिली. चष्मा चालणार असेल, तर स्वस्त शस्त्रक्रियाही तितकीच नजर देऊ शकते, पण तो चष्मा प्रत्यक्ष नाकावर यायला हवा, ही दुसरी. आणि घोडे पेंड खाते ते इथेच. शिबिरातून परतलेला रुग्ण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणीला येईलच असे नाही. सोबत यायला कुणी नसते, एसटीचे भाडे असते, मजुरीचा दिवस बुडतो. ‘डोळा उघडला, दिसायला लागले’ एवढ्यावर तो समाधान मानतो आणि वर्षानुवर्षे मिळू शकणाऱ्या नजरेपेक्षा कमी नजरेवर दिवस काढतो.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या आंधळेपणाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आढळला. म्हणजे शस्त्रक्रियांची संख्या अजूनही वाढायलाच हवी. पण त्याच सर्वेक्षणात ७.२ टक्के आंधळेपण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे आलेले होते. नुसती संख्या मोजून भागत नाही, हे सांगायला हा आकडा पुरेसा आहे. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये जे उद्दिष्ट ठरवले, तेही याच दिशेचे आहे. २०३० पर्यंत मोतीबिंदूच्या ‘परिणामकारक’ शस्त्रक्रियांची व्याप्ती तीस टक्केबिंदूंनी वाढवायची आहे आणि परिणामकारक कशाला म्हणायचे, याची कसोटीही दिली आहे. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला, रुग्ण चष्मा वापरत असेल तर चष्म्यासह, ६/१२ किंवा त्याहून चांगले दिसले पाहिजे. जो चष्मा कागदावर लिहून दिला पण मिळाला नाही, तो या हिशेबात धरला जात नाही.

स्वीडन याही पुढे एक पाऊल गेले आहे. तिथे १९९२ पासून मोतीबिंदू शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यासोबत रुग्णांना विचारायची एक छोटी प्रश्नावली विकसित झाली. तिच्या आजच्या रूपात नऊ प्रश्न आहेत. वर्तमानपत्र वाचताना अडचण येते का? समोरच्याचा चेहरा ओळखू येतो का? दुकानात वस्तूची किंमत दिसते का? खडबडीत रस्त्यावर चालता येते का? हातकाम, टीव्हीवरची अक्षरे, आवडीचा छंद यांचे काय? आणि एकंदर नजरेबाबत तुम्ही समाधानी आहात का? शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर हे विचारले की नजर खरोखर किती सुधारली, हे रुग्णाच्याच तोंडून कळते. हे प्रश्न मराठीत विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. फार तर हातकामाच्या जागी सुईत दोरा ओवणे किंवा तांदूळ निवडणे येईल.

डॉक्टरांची अडचण खोटी नाही. सरकारी रुग्णालयात एका सकाळी बाह्यरुग्ण विभागात लागणारी रांग पाहिली, तर प्रत्येकाशी निवांत बोलणे अशक्य वाटते. खासगी रुग्णालयात वेळ असतो, पण तिथे बोलणारा समुपदेशक अनेकदा भिंगाच्या दरपत्रकापासून सुरुवात करतो. विमा कंपन्या मोतीबिंदूच्या खर्चाला मर्यादा घालतात आणि बहुकेंद्री भिंगाचा वाढीव खर्च बरेचदा रुग्णावरच पडतो. त्यामुळे निवड म्हणजे ऐपत असे समीकरण तयार होते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला पर्याय आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला ‘जे आहे ते’. पण लांबचे हवे की जवळचे, ही सर्वांत मूलभूत निवड फुकट आहे आणि ती शिबिरातल्या मोफत भिंगातही करता येते. गरिबाला विचारले नाही, त्यामागे पैशाचे कारण नाही. त्याचे काही म्हणणे असेल, असे कुणाला वाटले नाही, एवढेच.

म्हणून करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. प्रत्येक केसपेपरवर, नंबर काढण्याच्या आधी, एक ओळ असावी : रुग्णाला कोणत्या अंतरावरचे विनाचष्मा दिसायला हवे आणि त्याचा रोजचा उद्योग काय. हे उत्तर मुलाचे किंवा सुनेचे नको, रुग्णाचे हवे. बहुकेंद्री भिंग सुचवताना रात्रीच्या वलयांची आणि ते न मानवल्यास काय होते याची कल्पना मराठीत, सहीपूर्वी द्यावी. बसवलेले भिंग बदलता येते, पण ती दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड आणि जोखमीची असते. शासकीय अनुदान किंवा संस्थेचा अहवाल यांत शस्त्रक्रियांच्या संख्येशेजारी सहा आठवड्यांनंतरची नजर आणि दिलेले चष्मे यांचे आकडे यावेत. शिबिरासाठी गाव गाठणाऱ्या गाडीने चष्मे वाटायलाही त्याच गावी परत जावे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर पहिल्या डोळ्याचा अनुभव ऐकूनच दुसऱ्याचा नंबर ठरवावा. पहिल्या वेळी राहून गेलेला प्रश्न विचारण्याची ती शेवटची संधी असते.

रुग्णाच्या बाजूनेही थोडी तयारी हवी. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट पाहण्याचे दिवस गेले. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की सल्ला घ्यावा. जुना चष्मा सोबत न्यावा. त्याहून उपयोगाचे म्हणजे, ज्यासाठी नजर हवी ती वस्तूच पिशवीत टाकावी. पोथी, विणकाम, हिशेबाची वही, मोबाइल, जे असेल ते. दवाखान्याच्या खुर्चीत ती नेहमीसारखी हातात धरावी आणि डॉक्टरांना सांगावे की हे मला इतक्या अंतरावर, विनाचष्मा किंवा चष्म्यासह, दिसायला हवे आहे. डोळ्यापासून पोथीपर्यंतचे ते अंतर साध्या पट्टीने मोजता येते. भिंगाची ताकद ठरवणाऱ्या लाखमोलाच्या यंत्राला डोळ्याची लांबी कळते, हे अंतर कळत नाही. ते त्या घरच्या आजीलाच सांगावे लागेल आणि तिला बोलू द्यावे लागेल.